उष्टी अळंबी

आमच्या लॅबमध्ये एका चुकीला माफी नाही, ती म्हणजे नमुना बदलणं. रिपोर्टला उशीर झाला तर ओरडा बसतो, मशीन बंद पडलं तर कंपनीच्या माणसाला फोन जातो, पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावाच्या नळीत गेलं तर नोकरी जाते, आणि गेलीच पाहिजे असं माझं मत आहे. कुवेतच्या इस्पितळात चौदा वर्षं मी हेच करते आहे. नव्याने आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते, दोन नळ्या शेजारी ठेवल्या की कुठली कुणाची हे ब्रह्मदेवाला कळणार नाही, तेव्हा चिकटवलेल्या नावावर विश्वास ठेवा, स्वतःच्या डोळ्यांवर ठेवू नका. मुली माझ्या पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत.

तर अशा मी एकदा नमुना बदलला. लॅबमध्ये नाही, जंगलात. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त माझ्या लेकीला माहीत होतं, आणि तिचं तोंड मी बंद केलं होतं.

ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये नळाला थंड पाणी येत नाही. हवल्लीतल्या आमच्या घरात आंघोळीचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत काढून निववत ठेवावं लागतं. त्या वर्षी मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक असे तिघं पाच दिवस जॉर्जियाला गेलो. कुवेतचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात असला की तिकडे जाणं सोपं पडतं, म्हणून आमच्या ओळखीतले निम्मे लोक तिथेच जातात आणि त्याच चार जागांचे फोटो घेऊन येतात. आम्ही जरा आडबाजूच्या डोंगराळ गावात खोली घेतली होती. घरमालकीण सत्तरीच्या पुढची, काटक, डोक्याला रुमाल बांधलेली. तिची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची तिला. सगळं हातवाऱ्यांवर चालायचं.

निघायच्या दिवशी सकाळी ती आम्हाला घरामागच्या जंगलात घेऊन गेली. सूचिपर्णी अरण्य हा शब्द मी शाळेत भूगोलात पाठ केला होता, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. सरळसोट काळपट झाडं, वर आभाळ जेमतेम दिसतंय, आणि खाली सुकलेल्या सुयांचा इतका जाड थर की स्वतःच्या पावलाचा आवाज स्वतःला येत नाही. पाखरूसुद्धा नव्हतं. मला ते जंगल मुळीच आवडलं नाही. लेकीने माझा हात धरला होता आणि मी तो सोडला नाही. तिला धीर मिळावा म्हणून धरलाय असं मी तोंडाने म्हटलं, एवढंच.

त्या अंधारात जमिनीवर लाल टोप्या उगवल्या होत्या. ओल्या कुंकवासारख्या लाल. खाली पांढराशुभ्र देठ, टोपीखाली पांढऱ्या पापुद्र्यांची दाट ओळ. माझ्या माहेरी नाशकात अळंबी म्हणजे जमीयातल्या, आपलं, दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यातली पांढरी बटणं. नवरा मात्र कुडाळकडचा. त्याने ती लाल अळंबी बघितली आणि तो दहा वर्षांचा झाला. त्यांच्याकडे श्रावणात मटण बंद झालं की अळंबी येतात, वारुळावरची, आणि ती शिजली की घरात कुणाला मटणाची आठवण येत नाही, हे मी लग्नापासून दरवर्षी ऐकत आले आहे. श्रावण चालू होता. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई कुवेतला उतरणार होती, व्हिजिटवर, सहा वर्षांनी.

"आईला अळंबी घालू," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना.

म्हातारीने टोपली पुढे केली आणि कामाला लागली. तिची रीत अशी होती. अळंबं उपटायचं, देठ मोडून बघायचा, नाकाशी धरायचं, मग टोपीच्या कडेचा नखाएवढा तुकडा समोरच्या दातांनी तोडून चावायचा. चावताना ती कुठेतरी लांब बघत उभी राहायची, गाणं ऐकत असल्यासारखी. मग तुकडा बाजूला थुंकायची. त्यानंतर ते अळंबं एकतर टोपलीत जायचं, नाहीतर पाठीमागे झाडीत भिरकावलं जायचं. तीनातलं एक तरी ती भिरकावत होती. मला वाटलं, किडकी फेकते आहे.

एकदा तिने एक अळंबं माझ्यापुढे धरलं आणि स्वतःच्या जिभेवर बोट ठेवलं. चावून बघ म्हणत होती. मी हसले आणि दोन्ही हात मागे घेतले. लेक पुढे झाली, तिने कड चावली, म्हातारीसारखंच लांब बघितलं, आणि थुंकली. "टेस्ट्स लाइक नथिंग," ती म्हणाली. म्हातारी खूश झाली आणि तिने ते टोपलीत टाकलं.

आज मागे वळून बघते तेव्हा माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्या बाईने आयुष्यभराची विद्या माझ्यासमोर अर्धा तास उघडी करून दाखवली, आणि मला दिसली फक्त थुंकी. टोपलीत वीसेक अळंबी जमली होती आणि प्रत्येकाची कड उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली होती. एका परक्या म्हातारीच्या दातांनी तुटलेली.

नवऱ्याच्याही ते लक्षात आलं होतं. म्हातारीच्या पुढे चालता चालता तो मला हळूच म्हणाला, "चावलेत म्हणून आईला सांगू नकोस. घरी गेल्यावर कडा तेवढ्या कापून टाक." आणि टोपली माझ्या हातात देऊन तो म्हातारीबरोबर गाडीत सामान भरायला पुढे गेला.

कडा कापून टाक म्हणे. उष्टं कापलं तरी उष्टंच. माझ्या आईने आम्हाला एका ताटात जेवू दिलं नाही, आणि लॅबने मला लाळेत काय काय असतं ते शिकवलं. दोन्हीकडून माझी चांगलीच तयारी झालेली. शिवाय सासूबाई नैवेद्य दाखवल्याशिवाय आमटीचं मीठसुद्धा चाखत नाहीत. त्यांच्या देवापुढे मी हे ठेवू? मनाशी मी असा वाद घातला, आणि त्यात मीच जिंकले.

एका पडलेल्या झाडामागे मी टोपली उपडी केली. मग लेकीला म्हटलं, चल, पटापट नवीन वेच. भोवती भरपूर होती. मी एकेक निरखून घेतलं. तोच लाल, तोच पांढरा देठ, तेच पापुद्रे, तीच झाडं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणारी बाई मी, मला दोन अळंबी सारखी आहेत की नाहीत हे कळत नाही होय? पाच मिनिटांत टोपली भरली, कोरी, अखंड, कुणाचाही दात न लागलेली.

लेक म्हणाली, "पण त्या आजीने ही टेस्ट नाही केली."

"सगळी सारखीच असतात."

"मग ती का टेस्ट करत होती?"

मला राग आला. उत्तर नसलं की मला राग येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तिचा हात घेतला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. "बाबांना सांगायचं नाही. कुण्णाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घे."

आमच्याकडे ही शपथ उठता बसता घेतात. माझ्या आईने मला अभ्यासासाठी घातली, दुधासाठी घातली. ती मोडली की जिच्या गळ्याची घेतली ती मरते, एवढं तिचं साधं कलम आहे, आणि मोठं झाल्यावर कुणी ते मनावर घेत नाही. पण नऊ वर्षांची मुलगी घेते, हे मी विसरले. तिची बोटं गार होती. "गळ्याशपथ," ती म्हणाली, आणि टोपली दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने आम्ही परतलो. अळंबी वर्तमानपत्रात गुंडाळून हातातल्या पिशवीतून आणली. संध्याकाळी सासूबाईंना घेऊन येताना लेकीने वाटेत चिकन शावरमा मागितला, आजीने श्रावणाच्या नावाने नाक मुरडलं, आणि नातीच्या गालाला हात लावून लगेच परवानगीही दिली.

घरी आल्यावर नवऱ्याने मोठ्या थाटात फ्रिजमधून पुडकं काढलं. कडा मी आधीच कापून सारख्या केल्यात असं त्याने धरलं असावं.

"अळमी हाडलास?" सासूबाई खुर्चीवरून उठल्याच. मग त्यांनी एक हातात घेतलं आणि जरा लांब धरलं. "लाल अळमी मी जल्मात बघूक नाय रे. आमच्या वारुळावरची पांढरी असतत."

"तिकडची अशीच असतात. पारखून आणलीत," नवरा म्हणाला. आईला काय नि कसं पारखलं ते मात्र त्याने सांगितलं नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू बघितलंस मा? मग झाला. माझी सून लॅबात असता, तिका कळता."

मी मान डोलावली. लेक दारात उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, त्याच्या थोडं खाली बघत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझी सात ते दोन ड्यूटी होती. नवऱ्याला रिफायनरीत दुरुस्तीच्या कामासाठी बोलावलं होतं. शुक्रवारी दुपारी कुवेतमध्ये रस्ते ओस पडतात, सगळं शहर नमाज पढून जेवायला बसलेलं असतं. पंधरा मिनिटांत घरी पोचले. जिन्यात खोबऱ्याच्या वाटणाचा सुंदर वास येत होता. दार उघडलं आणि त्या वासाखाली दुसरा वास आला. तो मी रोज इस्पितळात घेते.

सासूबाई बैठकीत जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या, पदर तोंडाशी. बाथरूममधून लेकीच्या ओकण्याचा आवाज येत होता. टेबलावर दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. एक नवऱ्याची, एक माझी.

"एक वाजता जेवलो," सासूबाई सांगू लागल्या. "तासाभरात पोटात पेटला." मग अशा अवस्थेतही त्या हसल्या. "पोरगी आधीच म्हणत होती गो. मी चिरूक बसलंय तर हिने एक कच्चाच चावल्यान. आणि काय म्हणता, इट्स बर्निंग. मी म्हटलंय, तुका सगळाच तिखट लागता. साधी आमटी तिखट, भाजी तिखट. जेवतानाही अर्धी वाटी टाकल्यान ती."

"मग त्या अर्ध्या वाटीचं काय केलंत?"

"काय करतलंय? मीच खाल्लंय. नातीचा उष्टा काय टाकूचा असता?"

दोन गोष्टी एकदम कळल्या आणि दोन्ही भयंकर होत्या. पहिली अशी की ज्या बाईच्या सोवळ्याचं निमित्त करून मी टोपली उपडी केली, ती बाई नातीचं उष्टं आवडीने खात होती. देवापुढचं वेगळं, स्वतःच्या पोटातलं वेगळं, इतका सरळ तिचा हिशेब. किळस सगळी माझी होती. आणि दुसरी, लेकीने ते कच्चं अळंबं खोडी म्हणून चावलं नव्हतं. त्या म्हातारीने जे करायचं ते या टोपलीचं झालेलं नाही हे घरात तिला एकटीला माहीत होतं. सांगता येत नव्हतं म्हणून तिने ते स्वतः केलं होतं. तिने अचूक ओळखलं होतं आणि आम्ही तिची थट्टा केली.

बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, सासूबाईंना धरून खाली आणलं. इमर्जन्सीत ड्यूटीवर असलेला डॉक्टर मराठीच निघाला, साताऱ्याकडचा, आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे असणारा. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, मेले. याला कळलं की उद्या सगळ्या मंडळाला कळणार.

दोघींना सलाईन लागलं. तेवढ्यात नवरा प्लांटमधून तसाच आला, अंगावर निळा डगला, बुटांना तेल. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं. नवऱ्याने अळंब्यांचं सांगितलं आणि लगेच म्हणाला, "पण ती असूच शकत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईने एकेक चावून बघितलंय. तिचं आयुष्य गेलंय त्या जंगलात. ती तर ठणठणीत होती." त्याने फोनवर फोटो दाखवला. टोपलीत वीस अळंबी, प्रत्येकाची कड तुटलेली.

डॉक्टर फोटो बघत राहिला. "मग दुसरं काय? बाहेरचं काही?"

"काल शावरमा खाल्ला हिने," नवरा म्हणाला.

"तोच असणार. या दिवसांत रोज चार येतात. आजींनी खाल्ला?"

"श्रावण आहे हो. पण हिच्या ताटातलं काहीतरी उष्टं खाल्लं असेल."

मी गप्प राहिले. लेकीच्या हातात सुई होती, सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, आणि मी त्या शावरम्याला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते. किती वेळ? पंधरा मिनिटं असतील. मी स्वतःला सांगत होते, सलाईन तर चालूच आहे, दोन्हीकडे उपचार तेच असणार, कशाला बोलायचं. रोज दुसऱ्यांना नमुन्यांवर व्याख्यान देणारी मी भिंतीला टेकून उभी होते, आणि बदललेल्या नमुन्यावर चुकीचं नाव चिकटताना बघत होते.

मग डॉक्टर म्हणाला, उलट्या थांबल्या तर संध्याकाळी दोघींना घरी सोडतो. जाता जाता तो लेकीशी बोलायला वाकला. "बेटा, ती आजी सगळी मश्रूम्स टेस्ट करत होती ना? टेस्ट न केलेलं एखादं चुकून आलं का? आठवून सांग."

लेकीचे ओठ सुकून फाटले होते. तिने डॉक्टरकडे बघितलं नाही. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही.

त्या वेळी मला कळलं की कालपासून ती कुठे बघत होती. ती पहारा करत होती. पोटात आग पडलेली असताना, समोर डॉक्टर विचारत असताना, ती मला जिवंत ठेवत होती.

"सगळीच," मी म्हणाले. "फोटोतली मी टाकून दिली. ही मी वेचली. एकही चावलेलं नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग फोनकडे, फोटोतली टोपली खोटी असावी तसं. आजपर्यंत तो त्या विषयावर बोललेला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरचा चेहरा पूर्ण बदलला. मंडळातला माणूस गेला आणि दुसराच कोणीतरी माझ्याशी बोलू लागला. जेवल्यानंतर किती वेळाने पहिली उलटी? शिजवली किती वेळ? उरलं आहे काही? तासाभरात त्रास सुरू झाला हे चांगलं, तो म्हणाला. जी पोट लगेच जाळतात ती सहसा तिथेच थांबतात. पण टोपलीत त्यांच्याबरोबर दुसरं एखादं असलं, तर ते आज काही दाखवणार नाही. मध्ये एक दिवस माणूस बरं वाटतंय म्हणून उठून बसतो, आणि मग यकृत जातं.

"तुम्ही लॅबमध्ये आहात," तो म्हणाला. "तुम्हाला मी काय सांगायचं?"

घरी सोडायचं रद्द झालं. तीन दिवस दोघींना ठेवायचं, ठरावीक तासांनी रक्त घ्यायचं, ठरलं. मला त्याने घरी पिटाळलं, जे उरलं असेल ते आणायला.

टेबलावरच्या दोन्ही वाट्या मी डब्यात भरून घेतल्या, पण फ्रिजमध्ये एकही कच्चं अळंबं नव्हतं. मी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. नारळाची शेंडी, लसणाच्या साली, आणि त्यात एक. अखंड, लाल, फक्त कडेला एक छोटा अर्धचंद्र तुटलेला. नैवेद्याला उष्टं चालणार नाही म्हणून सासूबाईंनी तेवढं एक बाजूला काढलं होतं.

ओट्यावर सफेद ताटलीत ते ठेवलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. देठाला वर कुठे कडं नव्हतं, बुडाशी पिशवी नव्हती. जीवघेण्या अळंब्यांच्या या दोन खुणा येताना गाडीत बसून मी फोनवर वाचल्या होत्या. देठ मोडला, खडू मोडतो तसा कटकन मोडला. टोपीची लाल साल कडेकडून सोलली तर ती सहज निघाली, आणि नळाखाली धरल्यावर बोटांना गुलाबी पाणी लागलं. मग उरली ती एकच परीक्षा. मी लेकीच्या दातांची खूण जिथे होती तिथेच दात लावले. आधी काहीच नाही. मग जिभेच्या टोकाला आग लागली, आणि ती पसरत घशापर्यंत गेली. मी सिंकमध्ये थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. खूप वेळ जळत होतं.

फोनवर वाचलेलं, सूचिपर्णी झाडांखालचं ते लाल, जिभेला जाळणारं, ओकायला लावणारं अळंबं हेच, अशी खात्री झाली. डॉक्टरने ज्या जाणकारांना त्याचे फोटो पाठवले होते त्यांनीही नंतर तेच सांगितलं. पण ती खात्री त्या एका अळंब्याची होती. बाकीची सगळी चिरून शिजली होती, आणि घाईघाईत, रागाच्या भरात, दोघींनी चार हातांनी वेचलेल्या त्या बाकीच्यांत काय काय होतं ते कुणाला सांगता येणार नव्हतं. मलाही नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. शनिवारी दोघींना बरं वाटलं. लेक उठून बसली, तिने बिस्किट मागितलं. डॉक्टरने सांगितलेला मधला दिवस तो हाच. खिडकीबाहेर धूळ उठली होती, समोरची इमारत पिवळी होऊन नाहीशी झाली होती. सासूबाईंनी पाणी मागितलं तरी मी घाबरत होते, नाही मागितलं तरी घाबरत होते. दर वेळी रक्ताच्या दोन नळ्या भरल्या की मी त्यांच्यावरची नावं वाचायची. परत वाचायची. नर्स वैतागली.

रविवारी लेकीचे सगळे आकडे जागेवर होते. तिने अर्धीच वाटी खाल्ली होती ना. दुसरी अर्धी आजीच्या पोटात गेली होती, आणि आजीची मूत्रपिंडं थकली होती. यकृत वाचलं. सासूबाई अकरा दिवस राहिल्या आणि चाकाच्या खुर्चीतून बाहेर आल्या. तीन महिन्यांसाठी आलेल्या बाई पंधरवडाभराने परत गेल्या. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उष्टा असला म्हणान काय मराक होतंय गो मी?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझं गणित समजत नव्हतं. आता त्या गावी आहेत, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जातात, पोळी-भाकरी मोजून आणि पाणी त्याहून मोजून घेतात, आणि फोनवर नातीला विचारतात, आज काय तिखट लागलं.

लेकीला घरी आणलं त्या दुपारी मी तिला मऊ भात भरवत होते. दर घासानंतर ती थांबायची आणि डावा हात माझ्या गळ्यावर ठेवायची. बोटांनी चाचपायची, मग पुढचा घास घ्यायची. मी म्हटलं, "सुटली ती शपथ. मीच सांगितलं ना सगळं?"

"येस," ती म्हणाली. "यू टोल्ड. आय डिडंट."

मी विचारायला नको होतं. पण मला राहवलं नाही. "आणि मी सांगितलंच नसतं तर? आजीला जास्त झालं असतं, तुला जास्त झालं असतं, तर सांगितलं असतंस ना डॉक्टरांना?"

तिने विचार केला. त्या म्हातारीसारखी ती लांब कुठेतरी बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने मान हलवली.

"नो, आई," ती म्हणाली. "तू मेली असतीस."

आणि तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.